दहा आकड्यांपुढचं घर

दहा आकडे. त्यात तपासायचं ते काय एवढं, असं मला आजवर इतक्या जणांनी विचारलंय की मी उत्तर द्यायचंच सोडून दिलंय. सासरचे, माहेरचे, माझ्याबरोबर शिकलेले, सगळे एका माळेचे मणी. कुणी बँकेचं सॉफ्टवेअर करतं, कुणी परदेशातल्या दवाखान्यांचं, आणि मी केली काय तर फोन नंबर तपासणारी चारेकशे ओळींची लायब्ररी. लायब्ररी म्हणजे तयार कोडचं छोटंसं गाठोडं. दुसरं कुणी सॉफ्टवेअर बनवत असेल तर त्यानं ते उचलायचं आणि आपल्या कामात जोडायचं. माझ्या गाठोड्याचं काम एकच. फॉर्मवरच्या चौकोनात माणूस जे काही टाकेल ते घ्यायचं, त्यातून धड नंबर काढायचा, आणि निघत नसेल तर नाही म्हणायचं. एका लग्नात माझा चुलत दीर हे ऐकून इतका हसला की ताटातली जिलेबी मांडीवर पडली. हसू दे. त्यानं कधी लोकांनी भरलेले फॉर्म पाहिलेले नाहीत.

मी पाहिलेत. लोक नंबराआधी शून्य टाकतात, अधिक एक्याण्णव टाकतात, कधी दोन्ही टाकतात. मध्ये मोकळी जागा, टिंब, आडवी रेघ. शून्याच्या जागी इंग्रजी ओ. अर्धे आकडे मराठीत आणि अर्धे इंग्रजीत, कारण टाकता टाकता कीबोर्ड बदलला. एका गृहस्थांनी दोन नंबर टाकून मध्ये ‘नाहीतर’ असं लिहिलं होतं. एका बाईनं नंबरापुढं लिहिलं होतं, ‘मिस्टर उचलतील, त्यांना काही सांगू नका’. आता करा तपासणी. शहाणी माणसं अशा वेळी लाल अक्षरात ‘नंबर चुकीचा आहे’ असं दाखवून मोकळी होतात. मला ते कधी जमलं नाही. माझी आई नाशिकच्या शिवेवर मेथी-कोथिंबीर लावायची आणि पहाटे मार्केटला न्यायची. तिच्या नावाच्या प्रत्येक कागदावर वडिलांचा नंबर असायचा. तोही कधी कधी चुकलेला असायचा, आणि मग तिला कचेरीच्या खिडकीवरून परत पाठवायचे. खिडकीतल्या माणसाचं काही बिघडायचं नाही. तिचा दिवस जायचा. त्या खिडकीवरचा राग माझ्या डोक्यात अजून आहे, आणि खरं सांगायचं तर लायब्ररी मी त्या रागातच लिहिली.

आमचं ऑफिस नाशिकमध्येच, द्वारकेला, स्पेअर पार्टच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. खाली चौकात दिवसभर ट्रक, रिक्षा आणि एसट्या एकमेकांच्या अंगावर हॉर्न वाजवतात. बाहेरून आलेल्या माणसाला तिथं बोललेलं ऐकू येत नाही, आम्हाला मात्र येतं. सर, म्हणजे आमचे मालक, माणूस वाईट नाही, पण घाबरट. लायब्ररी मी फुकट, सगळ्यांसाठी उघडी ठेवणार म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस तोंड पाडलं होतं. मी ठेवली. कुठकुठले लोक ती वापरायला लागले, मधूनच कुणी धन्यवाद म्हणायचं, कुणी चूक काढायचं. मला बरं वाटायचं. का वाटू नये?

मागच्या वर्षी एका बाहेरच्या कंपनीचं काम आलं. त्यांना कांदा थेट शेतावरून घ्यायचा होता, आणि तोही बायकांच्या नावानं. सातबाऱ्यावर ज्या बाईचं नाव आहे तिची नोंद करायची, मेसेजही तिलाच जाणार, अमुक दिवशी माल तयार ठेवा म्हणून. नामपूरच्या बाजारात त्यांनी टेबल मांडलं होतं. बायका नाव आणि नंबर सांगायच्या, टेबलावरची मुलगी ते टाइप करायची, आणि ते आमच्या सॉफ्टवेअरमधून, म्हणजे माझ्या लायब्ररीतून, कंपनीकडं जायचं. यादी शुक्रवारी बंद होणार होती. जी यादीत आली ती आली, राहिली ती पुढच्या हंगामापर्यंत बाहेर.

त्याआधी महिनाभर सर माझ्या मागं लागले होते की आपल्याकडून नंबर फार नाकारले जातात, गिऱ्हाईक कुरकुर करतं. नाकारलेल्यांत बरेचसे असे होते की दहाच्या जागी अकरा आकडे पडलेले. बोट घसरतं, शेवटचा आकडा दोनदा उमटतो. म्हणून मी एक ओळ घातली. दहापेक्षा जास्त आकडे आले तर पहिले दहा ठेवायचे आणि पुढचं कापून टाकायचं, कुणाला काही विचारायचं नाही. चहा येईपर्यंत लिहून झाली. सर खूश, गिऱ्हाईक खूश. त्या एका ओळीची मला आजही लाज वाटते, आणि ती लपवायची मला गरज वाटत नाही.

यादी बंद व्हायच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी ऑफिसचा फोन वाजला. पलीकडून एक बाई बोलत होती, मागं कसलीतरी घरघर चालू होती. तिनं आधी विचारलं की मेसेजखाली मदतीसाठी दिलेला नंबर हाच ना. मी हो म्हटलं. मग तिनं कुणालातरी ओरडून ती घरघर बंद करायला लावली. तिची पिठाची गिरणी होती. नामपूरच्या पुढं, डोंगराच्या कुशीत अकरा घरांची वस्ती, आणि त्या वस्तीत फोनला रेंज येते ती फक्त गिरणीच्या ओट्यावर. बाकीच्या घरांत फोन आहेत, पण ते नुसते गाणी ऐकायला. सकाळी तिच्या फोनवर लागोपाठ अकरा मेसेज आले होते. पहिल्यात नोंद झाल्याचं कळवलं होतं. उरलेल्या दहांत लिहिलं होतं की हा नंबर आधीच दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर आहे, नोंद खोटी समजून रद्द करण्यात आली आहे.

“ताई, मी आत्ताच दहा बायांना वाचून दाखवलं का त्या खोट्या हायेत,” ती म्हणाली. “आता तूच सांग, मी त्यांच्या तोंडाकडं कसं पाहू?”

मी तिला म्हटलं, मावशी, मी बघते आणि फोन करते. ती म्हणाली, समदे बघतोच म्हणतात. आणि तिनं फोन ठेवला.

माझी एक सवय चांगली आहे. माणसानं मुळात जे टाकलं असेल ते मी तसंच्या तसं बाजूला जपून ठेवते, कापाकापी नंतर. ती मूळ नोंद उघडली. त्या अकरा बायकांपैकी एकीचाही नंबर दहा आकडी नव्हता. नऊ जणींचे अकरा आकडी, दोघींचे बारा आकडी. पहिले दहा सगळ्यांचे सारखे, गिरणीचे. पुढं कुणाचा एक, कुणाचा दोन, कुणाचा सात, आणि शेवटच्या दोघींचे दहा आणि अकरा. मी पुन्हा गिरणीत फोन लावला आणि पुढचा आकडा कसला म्हणून विचारलं. तिला माझा प्रश्नच कळेना. घराचा, दुसरा कसला. विहिरीपासून वर मोजत गेलं की पहिलं घर, दुसरं घर. नर्सबाई फोन करते ती म्हणते सात नंबर दे, मग ही ओट्यावरून सात नंबरला हाक मारते. शाळेच्या रजिस्टरात तसंच, गॅसच्या वहीत तसंच, लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा तसंच छापतात. तिथल्या बायकांना फोन नंबर म्हणजे तो अख्खा नंबर, घरासकट. आमचा पूर्ण नंबर आम्ही दिला, तुम्ही कापला, असं ती सरळ म्हणाली. कापला होता मीच. कंपनीच्या यंत्राला मग एकच नंबर अकरा वेळा दिसला आणि त्यानं दहा जणींना खोटं ठरवलं.

मी सरांच्या खोलीत गेले आणि चूक माझी आहे हे आधी सांगून टाकलं. सर म्हणाले, मग मिटलं, कंपनीला कळव की त्या दहा जणींनी आपापले वेगळे नंबर द्यावेत. मी म्हटलं, द्यावेत कुठून, तिथं फोन लागतो एका ओट्यावर. सर म्हणाले, तो आपला प्रश्न नाही. हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मग त्यांनी हळूच दुसरी गोष्ट काढली. कंपनीच्या साहेबांचा सकाळीच फोन आला होता. बनावट नोंदी दारातच अडवा म्हणत होते. एक नंबर एक माणूस, हा नियम माझ्या लायब्ररीतच बसवून हवा होता, म्हणजे असा घोळ त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. चार ओळींचं काम आहे, हे सरांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मी नाही म्हटलं. सरांना वाटलं मी आजच्या दिवसापुरतं नाही म्हणतेय. मी त्यांना सांगितलं की आज नाही, उद्या नाही, मी इथं आहे तोवर नाही. नंबर धड आहे का, एवढंच माझी लायब्ररी सांगते. तो कुणाचा, एका घराचा का अख्ख्या वस्तीचा, हे विचारणारी ती कोण? सर म्हणाले, कंपनी गेली तर तुझा पगारही जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. तेव्हा घराचा हप्ता चालू होता आणि नवरा काम बदलायच्या विचारात होता. पण तेव्हा मी तसंच म्हटलं, आणि वळून माझ्या टेबलाशी येऊन बसले.

ती कापाकापीची ओळ मी त्याच दुपारी उडवली. तिच्या जागी नवं लिहिलं. दहापुढं काही आलं तर ते टाकायचं नाही, वेगळ्या खणात ठेवायचं, आणि नंबराबरोबर तेही पुढं पाठवायचं. मोठ्या ऑफिसांतल्या फोनांना पुढं एक्स्टेन्शन असतं, तसलाच प्रकार. फरक एवढाच की तिथं यंत्र जोडून देतं आणि इथं गिरणीवाली हाक मारते. बोट घसरून आलेला आकडासुद्धा त्या खणात जाईल, हे मला माहीत होतं. जाऊ दे की. माणसाला विचारून घ्या, हा आकडा कसला म्हणून. विचारायला काय जातं?

मंगळवारी ते सगळ्यांसाठी खुलं केलं आणि संध्याकाळच्या आत कुठल्यातरी अनोळखी गृहस्थांचा लांबलचक निरोप आला. मोबाइल नंबराला एक्स्टेन्शन नसतं, जगात कुठल्याच नियमात बसत नाही, घर नावाची गोष्ट फोन नंबरात येत नाही, तुम्ही एक चांगली लायब्ररी घाण करत आहात. भाषा सभ्य होती, पण लहान मुलाला समजावल्यासारखी. मी एका ओळीत उत्तर दिलं की तुमच्याकडं येत नसेल, आमच्याकडं येतं. त्यांनी माझी लायब्ररी वापरणं सोडलं. सोडू दे. आणखी दोघातिघांनी सोडलं. एवढ्या कष्टानं गोळा झालेली माणसं होती ती, वाईट वाटलंच, पण तो नवा खण मी काढून टाकला नाही.

आता प्रश्न होता कंपनीचा. माझ्याकडून अकरा नंबर अकरा घरांसकट गेले तरी त्यांचं यंत्र पहिले दहाच बघत होतं. बुधवारी मी सरांना न विचारता कंपनीच्या साहेबांना फोन लावला. सरांना बाहेरून माझा आवाज ऐकू गेला आणि ते दारात येऊन उभे राहिले, पण त्यांनी फोन हिसकावला नाही. त्याबद्दल मी त्यांना आजही मानते. साहेबांना मी सगळं सांगितलं, माझी चूक, गिरणी, ओटा, विहिरीपासूनची घरं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की मॅडम, गोष्ट छान आहे, पण एकाच फोनवर अकरा बायका म्हणजे एका बाईनं बसून अकरा नावं टाकली असं कुणीही म्हणेल. मी म्हटलं, मग फोन करून विचारा. ते म्हणाले, एकच बाई अकरा आवाज काढेल. माझ्या तोंडून निघून गेलं की मग तिला आधी नाटकात घ्या आणि कांदा नंतर. दारातल्या सरांनी डोक्याला हात लावला. साहेब मात्र हसले. म्हणाले, उद्या बाराला लावा फोन, तुम्हीही लाइनवर राहा, नाव, गट नंबर, क्षेत्र असं सातबाऱ्यावरचं एकेकीला विचारतो, एक जरी अडखळली तर सगळ्या रद्द. मी कबूल केलं. कबूल करणारी मी कोण होते, हा विचार फोन ठेवल्यावर आला. अकरा बायकांच्या वतीनं मी पैज लावून बसले होते.

गिरणीवालीला कळवलं तर ती म्हणाली की बाया त्या वेळेला कांदा निवडायला असतात, मजुरी बुडेल. मग तिनंच म्हटलं, पण मी सांगते त्यांना. खोटं म्हटलंय त्यांना कुणीतरी, येतील.

गुरुवारी बाराला माझ्या टेबलावर फोन स्पीकरवर ठेवला. सर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि हॉर्नमुळं खिडकी लावून घेतली. एका बाजूला साहेब, एका बाजूला गिरणी. गिरणी बंद होती, पण ओट्यावर बायकांची कुजबुज ऐकू येत होती, बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी खोकत होतं. पहिली बाई बोलली ती इतक्या मोठ्यानं की फोन थरथरला. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, मग गट नंबर, मग क्षेत्र. साहेबांच्या बाजूनं कीबोर्डचा टकटक आवाज आला. टाइप झालं की ते ‘हं’ म्हणायचे आणि फोन पुढच्या हातात जायचा. दुसरी लाजत बोलली. तिसरीला नवऱ्याचं नाव घेताना हसू आलं आणि मागं सगळ्या खिदळल्या. चौथी तरुण होती, तिनं साहेबांनाच विचारलं की तुमचं नाव काय, लिहून ठेवते. पाचव्या बाईला क्षेत्र आठवेना. मागून कुणीतरी सांगायला गेलं तर ती त्या बाईवरच खेकसली, थांब, माझं वावर हाय, मला सांगता येतं, आणि तिनं गुंठ्यांसकट सांगितलं. टकटक. हं. सर माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसले.

दहाव्या बाईपर्यंत पाऊण तास गेला होता. साहेबांचा आवाज थकलेला होता, आणि नरमही झाला होता. दहावीचं झाल्यावर ते म्हणाले, बस झालं मॅडम, माझी खात्री पटली, अकरावी बाई मी धरून चालतो. सर उठून खिडकी उघडायला गेले. जिंकलो असं मला वाटलं, आणि मी फोन ठेवायला हात पुढं केला.

पलीकडं ओट्यावर गडबड झाली. थांब, थांब, आली ती, असं गिरणीवाली म्हणत होती. अकरावं घर सगळ्यात वरचं, डोंगराला लागून, आणि तिथली म्हातारी काठी टेकत उतरत होती. तिला धाप लागली होती ती आम्हाला फोनमधून ऐकू येत होती. साहेबांनी जरा मोठ्यानं सांगितलं की आजी, तुम्ही त्रास घेऊ नका, तुमचं झालंय, मी धरलंय तुम्हाला.

“धरी नको चालू,” म्हातारी म्हणाली. “मी बी शे. लिखी ले.”

तीही आहे, तिलाही लिहून घ्यायचं. आणि तिनं नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, गट नंबर, क्षेत्र. सांगून ती थांबली. लिहिलं की टकटक वाजतं, हे आधीच्या दहा जणींपैकी कुणीतरी तिला बहुधा सांगितलं होतं, कारण तिला माहीत होतं की बोलल्यावर कसला आवाज यायला पाहिजे. तो आला नाही. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून नाव सांगितलं. तेवढ्याच सावकाश, तेवढ्याच मोठ्यानं. तरी आवाज आला नाही. तिनं तिसऱ्यांदा सुरुवात केली, आणि स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर उच्चारून तिथंच थांबून राहिली. साहेबांच्या बाजूनं एक कळ दाबल्याचा आवाज आला, तेव्हा तिनं पुढचं अक्षर सांगितलं.